भाई कोतवाल : पायलनच्या आधीची गोष्ट

दादर पश्चिमेला प्लाझा सिनेमाजवळ एक बाग आहे, कोतवाल उद्यान. बसची वाट बघताना, क्लास संपल्यावर, कुणाला भेटायचं ठरलं की आपल्यापैकी अनेकांची ही ठरलेली जागा. हे कोतवाल म्हणजे नक्की कोण, असं विचारलं तर बहुतेकांची गाडी 'कुणीतरी फ्रीडम फायटर'पर्यंत येऊन थांबते. २०२० मध्ये त्यांच्यावर मराठी सिनेमा आला होता. तो पाहिलेल्यांना आणखी एक गोष्ट आठवते, ती म्हणजे विजेचे टॉवर पाडणारा माणूस.

ते खरंच आहे. भाई कोतवालांनी विजेचे पायलन पाडले, मुंबईची वीज बंद पाडली आणि मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात ते पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. तेव्हा वय होतं तीस वर्षं आणि एक महिना. पण या थरारक भागामुळे त्याआधीचा भाग झाकला जातो, आणि मला विचाराल तर तोच जास्त अवघड होता. पायलन एका रात्रीत पाडता येतो. उपाशी गावात धान्याची कोठी उभी करायची आणि ती रिकामी होऊ द्यायची नाही, हे काम एका रात्रीत होत नाही.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानचा. माथेरान म्हटलं की आपल्याला टॉय ट्रेन, घोडे आणि चिक्की आठवते. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांना ही जागा आवडली आणि तिथं साहेबांची, मग मुंबईच्या श्रीमंतांची बंगलेवस्ती झाली. १९०७ मध्ये छोटी रेल्वेही आली. पण बंगल्यांना माणसं लागतात. पाणी भरायला, ओझी वाहायला, हातरिक्षा ओढायला, दाढी-हजामत करायला. विठ्ठलचं घर या दुसऱ्या माथेरानातलं. नाभिक समाजातलं गरीब कुटुंब. डोंगरावर श्रीमंती आणि पायथ्याच्या वाड्यांमध्ये ठाकर-कातकऱ्यांची उपासमार, ही दोन्ही टोकं या मुलाला लहानपणापासून एकाच दिवसात दिसत होती.

मुलगा हुशार होता. माथेरानमध्ये पुढचं शिक्षण नव्हतं, म्हणून तो पुण्याला नातेवाइकांकडे राहून शिकला. पुढे कायद्याची पदवी घेऊन वकील झाला. आज एलएलबी करणाऱ्या आपल्या मित्रांना यात विशेष काही वाटणार नाही. पण १९३० च्या दशकात वकिली हा मुख्यतः वरच्या जातींचा आणि पैसेवाल्यांचा पेशा होता. अशा वेळी माथेरानच्या न्हाव्याचा मुलगा काळा कोट घालतो, हे त्या काळातल्या आख्ख्या तालुक्यासाठी नवीन होतं.

त्यांच्या विद्यार्थिदशेची वर्षंही साधी नव्हती. कर्जत तालुका तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता, आणि त्याच जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं कुळांचा संप चालला. खोतांची जमीन कसायचीच नाही, असं ठरवून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी हटून बसले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. म्हणजे कोतवाल कॉलेजात होते तेव्हा जमीन कुणाची आणि पीक कुणाचं हा प्रश्न पुस्तकातला नव्हता. तो त्यांच्या घरापासून काही तासांच्या अंतरावर पेटलेला होता.

वकील झाल्यावर मुंबईत चेंबर थाटायचा रस्ता मोकळा होता. ते परत आले. माथेरानच्या नगरपालिकेत निवडून गेले, तिथं उपाध्यक्ष झाले. आणि डोंगर उतरून खालच्या गावांमध्ये फिरायला लागले.

आता थोडं गणित करू या. कंटाळू नका, गोष्टीचा जीव इथंच आहे.

कर्जत, मुरबाड, शहापूर हा सह्याद्रीच्या पायथ्याचा एकच सलग पट्टा. तेव्हाही आणि बऱ्याच अंशी आजही इथलं मुख्य पीक एकच, पावसाळी भात. डोंगरउतारावर नाचणी आणि वरई. भात कापलं जातं दिवाळीच्या आसपास. त्यातून मालकाचा खंड जायचा, जुनं देणं जायचं, उरलेलं होळीपर्यंत, फार तर अक्षय्य तृतीयेपर्यंत पुरायचं. मग पाऊस लागायचा. लावणीचं सगळ्यात कष्टाचं काम याच दिवसांत आणि घरातली कणगीही याच दिवसांत रिकामी. आषाढ, श्रावण, भादवा. शेतात पीक उभं आहे, पण पोटात काही नाही.

अशा वेळी माणूस सावकाराच्या किंवा जमीनदाराच्या दारात जायचा. तिथं धान्य मिळायचं, पण सवाईनं किंवा दिढीनं. सवाई म्हणजे एक मण घेतलं तर कापणीला सव्वा मण परत. दिढी म्हणजे दीड मण. चार महिन्यांत पन्नास टक्के व्याज! वर्षाच्या हिशेबात दीडशे टक्के. आपल्याला क्रेडिट कार्डाचं वर्षाला चाळीसएक टक्के व्याज ऐकून घाम फुटतो, मग हा दर पाहा.

यात आणखी एक मेख होती. पावसाळ्यात धान्य महाग असतं, कापणीला स्वस्त. सावकारानं उधारी धान्यात न लिहिता रुपयांत लिहिली, तर माणूस महागाच्या भावानं घेणार आणि स्वस्ताच्या भावानं फेडणार. समजा पावसाळ्यात एका मणाचे सहा रुपये लिहिले आणि कापणीला भाव चार रुपये झाला, तर व्याज एक पैसाही न लावता दीड मण गेलंच. त्यावर व्याज वेगळं. हिशेबाची वही सावकाराकडे, आणि घेणाऱ्याला अक्षर ओळखता येत नाही. अंगठा कशावर उठवला, हे त्याला पुढच्या वर्षी कळायचं. मग फेडीसाठी वेठ, मालकाच्या शेतावर फुकटची राबणूक. एका लग्नासाठी घेतलेलं कर्ज फेडायला माणूस वर्षानुवर्षं मालकाकडे बांधला जायचा. ठाणे जिल्ह्यात अशा माणसाला शब्दच होता, लग्नगडी.

सहकारी पतसंस्था तेव्हा नव्हत्या का? होत्या. सहकाराचा पहिला कायदा १९०४ चा, मुंबई इलाख्याचा स्वतंत्र कायदा १९२५ चा. पण पतसंस्थेत पत लागते. ज्याच्या नावावर जमीन नाही, ज्याला जामीन मिळत नाही, त्या कुळाला किंवा कातकऱ्याला त्या दारात कोण उभं करणार? सहकार कागदावर गावोगाव पोचला होता, पण ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज होती तो बाहेरच राहिला होता.

कोतवालांनी इथं धान्यकोठ्या सुरू केल्या. आजच्या भाषेत धान्याची बँक. कल्पना ऐकायला अगदी सोपी. सुगीत गावानं मिळून धान्य साठवायचं, पावसाळ्यात गरजवंताला त्यातून उसनं द्यायचं, कापणीला त्यानं ते परत करायचं. कर्ज धान्यात आणि फेडही धान्यात, म्हणजे भावाची मेख आपोआप निघून जाते. तारण काय? शेजारपाजार. मी आज परत केलं नाही तर पुढच्या पावसात शेजाऱ्याची पोरं उपाशी राहणार, हे सगळ्यांना माहीत असणं हेच तारण.

अशा कोठीचं गणित कसं चालतं, ते एका कल्पित गावावर करून पाहू. गावानं शंभर मण जमवले. घेणाऱ्यानं मणामागे दोन शेर जास्त परत करायचं ठरलं. चाळीस शेरांचा मण, म्हणजे पाच टक्के. सगळ्यांनी नीट फेडलं तर पुढच्या वर्षी १०५ मण. दहा वर्षांनी १६३ मणांच्या आसपास. सावकाराकडे जे व्याज बाहेर जायचं, त्याचा एक लहानसा तुकडा गावातच राहतो आणि तोच गावाचं भांडवल होतो. सहकाराची मोठमोठी पुस्तकं याच एका ओळीभोवती फिरतात, असं मला तरी मास कॉमचा विद्यार्थी म्हणून वाटतं. कॉमर्सवाल्यांनी चूक असेल तर सांगावं.

पण 'सगळ्यांनी नीट फेडलं तर' यातच सगळी ग्यानबाची मेख आहे. कोकणातल्या पावसात धान्याला ओल लागते. उंदीर-घुशी असतात. एक वर्ष पीक बुडालं तर सगळेच बुडतात, कारण सगळ्यांचं पीक एकच. आणि सगळ्यात नाजूक प्रश्न म्हणजे कोठीची किल्ली कुणाकडे? ती गावातल्या वजनदार माणसाकडे गेली की दोन वर्षांत तोच नवा सावकार. ही कल्पना जिथं जिथं मोडली, तिथं बहुतेकदा उंदरांनी नाही, किल्लीनं मोडली.

म्हणूनच कोतवालांच्या दुसऱ्या कामाकडे या कोठीसोबत बघायला हवं. त्यांनी गावांमध्ये स्वयंसेवी शाळा काढल्या. बेचाळीस शाळा, असा आकडा सांगितला जातो. वेतन नाही, सरकारी मदत नाही, तालुक्यातली शिकलेली पोरं शिकवायला. त्यांच्या चरित्रात शाळा एका ओळीत आणि धान्यकोठी दुसऱ्या ओळीत येते, जणू दोन वेगळी समाजकार्यं. मला ती एकच वाटतात. वही वाचता आली तरच किल्लीवर लक्ष ठेवता येतं.

साहजिकच जमीनदारांना हे आवडणार नव्हतं. भुकेच्या दिवसांत दारात येणारा माणूस यायचा बंद झाला तर नुसतं व्याज बुडत नाही, वेठीला माणूस मिळत नाही. तरुण वकील कुळांच्या बाजूनं उभा राहतो आणि वर त्यांच्या पोटाचीही सोय करतो, हे दुहेरी दुखणं होतं. पुढे जंगलात जे घडलं त्यात या रागाचा वाटा होता, असं या भागात आजही बोललं जातं.

तोवर महायुद्ध दाराशी आलं होतं. १९४२ च्या मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतलं. मुंबई इलाखा ब्रह्मदेशाच्या तांदळावर बराच अवलंबून होता, तो तांदूळ यायचा थांबला. भाव भडकले, धान्य दडवलं जाऊ लागलं. ज्यांच्या कणग्या एरवीही श्रावणात रिकाम्या व्हायच्या, त्यांच्यासाठी हा पावसाळा कसा असेल याचा विचार करा. आणि त्याच पावसाळ्यात, ८ ऑगस्टला, गवालिया टँक मैदानावर चले जाव ठराव झाला.

नेते रातोरात तुरुंगात गेले. कोतवालांवरही वॉरंट निघालं. ते सापडले नाहीत. घर, वकिली, नगरपालिका, सगळं मागं टाकून भूमिगत झाले आणि आझाद दस्ता उभा केला. यात कोण होते? कर्जत-मुरबाडच्या गावांतले शेतकरी, आदिवासी, शिकलेले तरुण. ही माणसं काही ऑगस्टमध्ये अचानक भेटलेली नव्हती. ज्या गावांनी त्यांच्यासोबत काम केलं होतं, तीच गावं आता त्यांना भाकरी देत होती, लपवत होती, पोलीस आले की निरोप पोचवत होती. अनोळखी माणसासाठी कुणी एवढी जोखीम घेत नाही.

दस्त्यानं निशाणा निवडला तो विजेचा. टाटांची जलविद्युत केंद्रं खोपोली, भिवपुरी आणि भिऱ्याला. ती अनुक्रमे १९१५, १९२२ आणि १९२७ ची. तिथून निघालेल्या उच्च दाबाच्या तारा याच डोंगराळ मुलखातून मुंबईला जात होत्या. मुंबईच्या गिरण्या या विजेवर चालत होत्या आणि १९२५ पासून लोकलही. युद्धाच्या काळात गिरण्या थांबणं म्हणजे सरकारची नस दाबणं. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात दस्त्यानं अकरा पायलन पाडले. साधन होतं करवत. रात्री जाऊन लोखंडी मनोऱ्याचे पाय कापायचे आणि उजाडायच्या आत जंगलात परत.

ज्या माणसांच्या झोपड्यांवरून ही वीज जात होती, त्यांच्या घरात दिवासुद्धा रॉकेलचा होता. (आजही शहापूर तालुक्यातल्या तानसा, भातसा, वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिलपासून टँकर लागतो. वरून जाणाऱ्या तारेचं आणि शेजारून जाणाऱ्या पाइपलाइनचं दुखणं एकच.)

सरकारनं त्यांच्यावर इनाम लावलं. फौजफाटा वाढला. दस्ता सिद्धगडाच्या आडोशाला गेला. ट्रेकिंग करणाऱ्यांना सिद्धगड माहीत असेल, मुरबाड तालुक्यातला, भीमाशंकरच्या रांगेतला उंच किल्ला, भोवती गच्च रान. १ डिसेंबर १९४२ ला, भूमिगत असतानाच, भाई तीस वर्षांचे झाले.

मग फितुरी झाली. ठावठिकाणा पोलिसांपर्यंत पोचला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या तुकडीनं दस्त्याला घेरलं. गोळीबारात हिराजी गोमाजी पाटील मारले गेले. भाई कोतवाल जखमी झाले आणि त्यांनाही तिथंच गोळी घालण्यात आली. काही साथीदार पकडले गेले. स्वातंत्र्य यायला अजून साडेचार वर्षं होती.

हिराजींबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण बागेला एकाचंच नाव असतं. ते मानिवलीचे, शेतकऱ्याच्या घरातले. त्यांचे वडील गोमाजी पाटीलही या दस्त्यात होते. बाप आणि मुलगा दोघं एकाच लढाईत. सिद्धगडाला दर वर्षी २ जानेवारीला पहाटे लोक जमतात, तेव्हा दोन्ही नावं घेतली जातात.

आता जरा अडचणीचा प्रश्न. कोतवाल जगले असते तर? असल्या प्रश्नांना परीक्षेत मार्क नसतात, पण पुढं काय झालं ते पाहता येतं. १९४८ चा कूळ कायदा आला. खोती गेली. त्याआधी १९४७ पासून बाळासाहेब खेरांच्या सरकारनं जंगल कामगारांच्या सहकारी संस्था काढायला सुरुवात केली. जंगलतोडीचं काम ठेकेदाराऐवजी ते काम करणाऱ्या आदिवासींच्या संस्थेला, ही त्यामागची कल्पना. यामागे ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांचा १९४५ चा उठाव होता, हेही विसरता येत नाही. मजुरीसाठी आणि वेठीविरुद्ध उभ्या राहिलेल्या लोकांवर तलवाड्याला गोळीबार झाला होता आणि पाच आदिवासी गेले होते. सरकारला सहकार आठवला तो काही नुसत्या सद्भावनेनं नाही.

त्यानंतर १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ आलं, गावोगाव आदिवासी विविध कार्यकारी संस्था आल्या, आणि १९७८ पासून खावटी कर्ज. खावटी म्हणजे पावसाळ्यात खायला दिलेलं उसनं. सावकाराच्या वहीतलाच शब्द सरकारी योजनेच्या नावात आला. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, हे कर्ज अनुदान झालं, कुटुंबाला चार हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्म्याचं धान्य-किराणा. पैसे येतात ते चांगलंच. पण यातली कोठी कुठंतरी गळून पडली. धान्य वरून येतं, गावाचं म्हणून काही साठत नाही, किल्ली तर मुंबईलाच.

आज मुरबाड-शहापूरकडे दिवाळीनंतर गेलात तर पाड्यांवर कुलपं दिसतील. भात कापून झालं की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, आणि जातात ती पावसाळ्यातच घेतलेली उचल फेडायला. दुसरीकडे याच तालुक्यांत भातानंतर भेंडी, काकडी घेणारे शेतकरी आहेत, बचत गट आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. एकट्यानं दोन क्रेट भेंडी घेऊन कल्याणच्या बाजारात गेलं तर दलाल सांगेल तो भाव, वीस जणांनी मिळून टेम्पो भरला तर भाव विचारण्याची हिंमत येते. कंपनीचा कायदा नवा आहे, २००० नंतरचा. पण पहिल्याच सभेत जे प्रश्न येतात ते जुनेच असतात. पहिला हप्ता कोण भरणार? हिशेब कोण लिहिणार? आणि एखाद्यानं बुडवलं तर?

कोतवालांना या प्रश्नांवर काम करायला मिळालं ते फार थोडं. वकील झाल्यापासून भूमिगत होईपर्यंतचा काळ मोजकाच आहे, एखाद्याचं पोस्ट ग्रॅज्युएशन होईल एवढा. बाकी आयुष्य शिकण्यात गेलं आणि शेवटचे पाच महिने जंगलात. सिनेमाला, पोवाड्याला, शाळेतल्या भाषणाला हे पाच महिने पुरतात. कोठीचं भाषण होत नाही. तिच्यात नाट्य नाही. कुणीतरी भात मोजून घेतंय, कुणीतरी वहीत लिहितंय आणि एका घरातली चूल श्रावणात पेटतेय, एवढंच दृश्य.

सिद्धगडच्या ट्रेकला जाणारे कॉलेजचे ग्रुप पावसाळ्यात मुरबाडला मिसळपावसाठी थांबतात. तिथून पुढं जाताना दोन्ही बाजूंना भाताची खाचरं लागतात, लावणी चालू असते. ऑगस्टमध्ये गेलात तर ज्या घरी चहा घ्याल त्या घरातल्या मावशींना सहज विचारा, पूर्वी या दिवसांत धान्य कुठून आणायचे. बहुतेक वेळा आजेसासूच्या तोंडून ऐकलेली एखादी गोष्ट निघते, आणि तिच्यात मापानं दिलेलं आणि मापानं फेडलेलं भात नक्की असतं.